आमसुलांच्या डब्यातलं शेवाळ

अंजू,

काल तुझ्या दादानं फ्रीज साफ केला. हे ऐकून तू हातातलं काम खाली ठेवलं असतंस, मला माहीत आहे. या माणसानं इतक्या वर्षांत फ्रीजचं दार फक्त लोणचं आणि बिअर यांच्यासाठी उघडलं. पण हल्ली तो काहीतरी पुसत असतो. गाडी पुसून झाली, गॅरेज झालं, काल फ्रीज. वरचे कप्पे काढून सिंकमध्ये घासले. खालच्या कप्प्यातल्या तुझ्या बरण्यांना मात्र हात लावला नाही. देव्हारा पुसताना मूर्तीच्या भोवतीनं फिरवतात तसं बरण्यांच्या भोवतीनं फडकं फिरवलं.

मी म्हटलं, "अहो, बरण्या बाहेर काढा की, खाली डाग आहेत."

"राहू दे," तो म्हणाला. "तिचे लोक आहेत तिथे."

मग आम्ही दोघंही फ्रीजचं दार उघडं टाकून तसेच उभे राहिलो. दार लावा, वीज जाते, म्हणून एरवी ओरडणारी मीच. काल नाही ओरडले.

तू पुण्याहून शिकायला आलीस तेव्हा आमची मुक्ता तिसरीत होती आणि कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या आपल्या अपार्टमेंटला बेडरूम दोनच. त्यातली एक तिला आणि तुला. एअरपोर्टवर मी वाट बघत होते ती खरं सांगायचं तर तुझी नाही, आईंनी तुझ्याबरोबर पाठवलेल्या कैरीच्या लोणच्याची. तू बाहेर आलीस, माणसांच्या गर्दीतच वाकून नमस्कार केलास आणि पर्समधून एक कडक झालेला पांढरा रुमाल काढून माझ्या हातात ठेवलास. "विरजण," म्हणालीस. आईंनी दह्यात बुडवून सावलीत वाळवलेला रुमाल. कस्टम्सवाल्यानं विचारलं तेव्हा तू रुमालात नाक शिंकरल्याचं नाटक केलंस म्हणे. घरी येऊन तो कोमट दुधात बुडवला आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानातल्या दह्याला नावं ठेवायचा अधिकार मला मिळाला.

लोणचं तू पुण्यातच विसरून आली होतीस. ते मी अजून विसरलेले नाही.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला माझ्या मावसभावाकडे गेलो, तिथल्या बर्फात अडकलो, आणि परत येऊन बघते तर दह्यावर बुरशीचं घोंगडं. मी खुर्चीत बसून रडले. तुझा दादा म्हणाला, "अगं, दही आहे ते." असं म्हणणाऱ्या माणसाशी पुढे काय बोलणार? तू पुढच्या खेपेला तुझं काम चालतं त्या डोंगरातून येताना एक बरणी घेऊन आलीस. तेच दही. तिथल्या तुझ्या केबिनमध्ये तू आधीच थोडं नेऊन ठेवलं होतंस.

"एकाच घरात ठेवायचं नसतं वहिनी," म्हणालीस. "वाटून ठेवायचं. मग कुठे ना कुठे टिकतं."

मला वाटलं, दह्याबद्दल बोलतेयस.

तू वर डोंगरात काय करतेस, हे महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना समजावून सांगताना माझी फजिती व्हायची. इतरांच्या नणंदा डॉक्टर, इंजिनिअर. माझी नणंद सिएरा नेवाडा पर्वताच्या पलीकडच्या अंगाला, दहा हजार फुटांवरच्या पाणथळ कुरणांत, गुडघाभर बर्फाच्या पाण्यात उभी राहून काळपट हिरवे, लिबलिबीत, द्राक्षाएवढे गोळे गोळा करते. "म्हणजे शेवाळाची शेती?" असं एकीनं विचारलं. मी "हो" म्हणून मोकळी झाले. तू ऐकलंस आणि तिथल्या तिथे दुरुस्ती केलीस: "मुळात ते शेवाळ नाहीच. तेही जिवाणूच, फक्त ऊन खाऊन जगणारे. आणि मी त्यांच्याकडे बघतच नाही. मी त्यांच्या शेजाऱ्यांकडे बघते."

हे शेजारी तू मला एका रविवारी दुपारी दाखवलेस. जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप, बाजूला अर्धवट निवडलेली मेथी. मी एक डोळा मिटून (कुठला ते ठरवण्यातच पाच मिनिटं गेली) आत पाहिलं. मण्यांच्या बारीक माळाच माळा. आणि मध्येच एखादा जरा मोठा, वेगळा मणी.

"अगं, हे तर मंगळसूत्र!"

"तुला सगळीकडे लग्नच दिसतं," तू म्हणालीस. "तो मोठा मणी हवेतला नायट्रोजन पकडतो. सगळ्या माळेला पुरवतो. आता माळेच्या बाजूला बघ."

बाजूला, त्या चिकट गरात, ठिपके होते. काही गप्प, काही वळवळणारे.

"हा कचरा कसला?"

"कचरा नको म्हणू. हे माझे लोक."

मग मेथी बाजूला सारून तू मला तुझं सगळं भांडण सांगितलंस. तुझ्या प्रोफेसरांना ते गोळे स्वच्छ हवे होते. निव्वळ. आत दुसरं कोणीही नको. धुवायचे, औषधं घालायची, पुन्हा धुवायचे, तेव्हा कुठे विज्ञान सुरू होणार. "सरांचं सोवळं," तू म्हणायचीस. तू धुतलेस. मन लावून धुतलेस. पण बाकीचे सगळे काढून टाकले की ते गोळे खंगायचे. मरायचे नाहीत लगेच, पण वाढणं थांबायचं, रंग उतरायचा, गर पाणचट व्हायचा. कोण कोणाला नेमकं काय देतं ते तुला अजून नीट सांगता येत नव्हतं. कोणी माळेनं दिलेली साखर खातं, कोणी नको असलेला प्राणवायू संपवतं, कोणी नुसतंच राहतं. पण ते 'नुसतंच राहणारे' काढले तरी फरक पडतो, असं तू टेबलावर मूठ आपटून म्हणालीस आणि मायक्रोस्कोप हलला. मूठ आपटताना तू हुबेहूब आईंसारखी दिसतेस. दिसायचीस. हे क्रियापद मला अजून जमत नाही.

आता आमटी. ती गोष्ट मी प्रत्येक गेट-टुगेदरला सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी तू मला अडवलं आहेस. "वहिनी, मागच्या वेळी पाहुणे सहा होते. आता दहा?" गोष्ट सांगणाऱ्याच्या घरात शास्त्रज्ञ असू नये. असो. आज अडवायला कोणी नाही, म्हणून मी मुद्दाम नेमकी सांगते.

नेलीच्या आईनं पेरूहून पाठवलेलं ते पाकीट तू माझ्या स्वयंपाकघरात ठेवलंस. नेली म्हणजे तुझी लॅबमधली मैत्रीण, उन्हाळ्यात वरच्या केबिनमधली सोबतीण. तिच्या गावाकडच्या डोंगरात हेच गोळे बाजारात विकायला येतात, लोक सूपमध्ये घालून खातात, हे तू मला सांगितलं होतंस आणि मी "ईऽऽ" म्हटलं होतं. वाळवलेले गोळे. काळे, सुरकुतलेले, चिवट. ते तू स्टीलच्या डब्यात काढून ठेवलेस. आता मला सांग, सुशिक्षित मुलगी, मराठी घरात, मसाल्याच्या फळीवर, स्टीलच्या डब्यात, काळं सुरकुतलेलं काहीतरी ठेवते, तर वहिनी त्याला काय समजणार? चष्मा मी टीव्हीवर विसरले होते. मूठभर आमसुलं म्हणून ते उकळत्या आमटीत टाकले.

पाहुणे सहाच होते. मान्य.

आमसुलं फुगत नाहीत. ही फुगली. वाढायला घेतली तेव्हा आमटीत हिरवट काळे मणी तरंगत होते, एकेक डोळ्यासारखा माझ्याकडे बघणारा. पाहुण्यांतले नागपूरचे काका म्हणाले, "वहिनी, हे काय? मशरूम आहे का?" आणि मी, जिनं कोकण फक्त एस.टी.च्या खिडकीतून पाहिलंय, पापणी न हलवता म्हणाले, "आमच्याकडची जुनी कोकणी पद्धत आहे." तुझा दादा दोनदा मागून जेवला. म्हणाला, "छान झालीये, पण आज आंबट नाही." तू ताटावरून उठून बाथरूममध्ये गेलीस ती बराच वेळ आलीच नाहीस. नळ सोडलेला होता, तरी तुझं हसणं बाहेर ऐकू येत होतं.

पाहुणे गेल्यावर तू सांगितलंस. मुक्ता किंचाळली, "आत्या, दॅट्स सो ग्रोस!" आणि मग रिकामं पातेलं वाकून बघत हळूच, "इज देअर एनी मोर?" तू तिथूनच नेलीला फोन लावलास. ती पलीकडे काय म्हणाली ते तू मला सांगितलंस: तिच्या आईला रेसिपी हवी होती.

आपलं खरं भांडण मात्र एकच होतं, आणि ते मी रोज नव्यानं काढायची. तू एकटी राहतेस. तू वयानं लहान असूनही चिडवायला मी तुला 'वन्सं' म्हणायची. "वन्सं, अहो तुमचं शेवाळसुद्धा एकटं राहत नाही. तुमचीच थिअरी. मग तुम्ही का राहता?" नेपरव्हिलचा तो मुलगा आणला, आठवतं? मी पोहे केले, तू त्याला फ्रीजपाशी नेलंस आणि अर्धा तास बरण्या दाखवल्यास. बिचारा घाबरून घरी गेला, पण दर ख्रिसमसला तुझ्या लोकांची चौकशी करणारं कार्ड पाठवतो. यंदाही पाठवेल. मी काय उत्तर लिहू?

तू एवढंच म्हणायचीस, "मी एकटी नाहीये वहिनी." मी म्हणायची, "जिवाणू धरून?" तू हसायचीस. तुझं ते हसणं मला हार मानल्यासारखं वाटायचं.

शेवटचा फोन रविवारचा. लाँग डिस्टन्स स्वस्त असतो म्हणून आपले सगळे फोन रविवारचे. तू म्हणालीस, वर पहिलं बर्फ भुरभुरलं, सर थोडे पाघळलेत, आणि "माझे लोक बरे आहेत ना? दिवसा खिडकीत, संध्याकाळी फ्रीजमध्ये ठेवतेस ना?" मी म्हटलं, "पोटच्या मुलीचे इतके लाड केले नाहीत मी." मग मी माझी टेप लावली. पीएच.डी. संपली की इकडेच ये, त्या उजाड डोंगरात बाईमाणसानं एकटीनं… तू मध्येच म्हणालीस, "वहिनी, हे भांडण दिवाळीला समोरासमोर करू. मी एक पुरावा घेऊन येते."

"कसला पुरावा?"

"दिवाळीला."

तेवढ्यात तुझ्या दादानं फोन घेतला आणि तुम्ही गाडीच्या टायरांबद्दल बोलत राहिलात.

हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी मुक्ताचा डबा भरत होते. डोक्यातली रक्तवाहिनी, म्हणाले. शुद्ध नाही, म्हणाले. लवकर या. आम्ही निघालो. वरचा घाट अचानक आलेल्या बर्फानं बंद, म्हणून उत्तरेकडून लांबचा वळसा. तुझा दादा नुसता रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. मी मात्र सगळा रस्ता बोलत होते, तुला रागावत होते, की बरी झालीस की आता तुझं काही ऐकणार नाही, सरळ उचलून घरी नेणार.

आम्ही पोचलो तेव्हा तू गेलेली होतीस. तुला खाली शवागारात नेलं होतं. त्यांनी आम्हाला आधी तुझी खोली दाखवली, का ते देव जाणे. अंजू, ती खोली इतकी स्वच्छ होती. चादर बदललेली, उशी फुगवून ठेवलेली, फरशी ओली. औषधाचा वास. जणू तिथे कधी कोणी आलंच नव्हतं, कोणी बसलं नव्हतं, कोणी कोणाचा हात धरला नव्हता. मी नर्सला विचारलं, "तिच्याजवळ कोणी होतं का?" तिची ड्यूटी तेव्हाच सुरू झालेली. "मला माहीत नाही, मॅम. आय अ‍ॅम सो सॉरी," म्हणाली. चांगली पोरगी होती. तिनं मला पाणी आणून दिलं.

तुझ्या वस्तूंची पिशवी दिली. घड्याळ, चष्मा आणि तुझ्या पायातून काढलेले माझे मोजे. पहिल्या हिवाळ्यात मी तुला विणलेले, एक लांब, एक आखूड. "वहिनी, हे दोन वेगवेगळ्या माणसांसाठी आहेत का?" असं विचारून तू ते ट्रंकेत टाकले होतेस. एकदाही घातले नव्हतेस. ते तुझ्या पायात कसे आले, हा प्रश्न मी घरी घेऊन आले.

त्या संध्याकाळी आईंना पुण्याला फोन लागला. त्या रडल्या नाहीत. एकच विचारलं: "तिच्याजवळ कोण होतं?"

मी रिसीव्हर तुझ्या दादाच्या हातात दिला. त्यानं तो कानाला लावला, आणि म्हणाला, "आई, लाइन खराब आहे. आवाज येत नाहीये." मी शेजारीच उभी होते, अंजू. आईंचा आवाज मलासुद्धा स्पष्ट येत होता.

त्यानंतर आईंनी प्रत्येक फोनवर तेच विचारलं आणि प्रत्येक फोनवर आमची लाइन खराब झाली. रविवार आला की तुझा दादा गॅरेजमध्ये जाऊन काहीतरी पुसायला लागायचा. मंडळी भेटायला यायची, म्हणायची, "सुटली बिचारी, त्रास झाला नाही." मी मान हलवायची. माझ्या डोळ्यांसमोर ती धुतलेली फरशी असायची. आणि मला तुझे ते धुऊन काढलेले गोळे आठवायचे, पाणचट, रंग उतरलेले, काचेच्या भांड्यात एकटे.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आम्ही तुझी केबिन रिकामी करायला गेलो. मुक्ताही आली. मला वाटलं होतं, कुलूप काढू, चार खोकी भरू, निघू. पण गाडी थांबते तोच समोरच्या दुकानातून एक सत्तरीची बाई मोठं झाकलेलं भांडं घेऊन रस्ता ओलांडून आली. आपल्याकडे सुतक असलेल्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे जेवण आणतात. ही बाई आयुष्यात सुतक हा शब्द ऐकलेली नव्हती. म्हणाली, "मी मार्ज. तुम्ही काही शिजवायचं नाही. अ‍ॅन वर कुरणांत न जाता इथे खालीच राहिली तर मी तिला जेवू घालायचे." तू तिथे अ‍ॅन होतीस, हेही मला माहीत नव्हतं.

तिच्यामागून पोस्टातला माणूस आला, मग बर्फ हटवायच्या गाडीवर काम करणारा दोन माणसांच्या आकाराचा एक गृहस्थ आणि त्याची इवलीशी बायको. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. मार्जनं भांड्याबरोबर एक काचेची बरणी माझ्या हातात दिली. "आणि हे तुमचंच आहे," म्हणाली. "ती सांगायची, हे तिच्या वहिनीच्या घरचं आहे. आमच्या सगळ्यांच्या फ्रीजमध्ये आहे आता."

मी झाकण उघडलं. दही. या गडबडीत सनीव्हेलचं माझं विरजण केव्हाच मेलं होतं, मी फिकीरही केली नव्हती. आणि इथे, बर्फाच्या कडेला, पाच-सहा घरांत, आईंच्या रुमालातलं दही मका आणि मिरचीच्या स्ट्यूबरोबर खाल्लं जात होतं.

तुझा दादा पायरीवर बसला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तो रडला, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. तो बर्फगाडीवाला त्याच्या शेजारी जाऊन बसला. नुसताच बसून राहिला.

नेली सगळ्यात शेवटी आली. मी तिला फोटोत पाहिलं होतं, पण ती दारातून आत येईना. खाली बघून म्हणाली, "मला तुमची माफी मागायची आहे. मी तुमचं नाव वापरलं."

मग तिनं सांगितलं. मार्जच्या दुकानात तू काउंटरला धरून म्हणालीस, डोकं दुखतंय, आणि खाली बसलीस. मार्ज आणि नेलीनं तुला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. आतल्या खोलीत फक्त जवळच्या नातेवाइकांना परवानगी. दारावरच्या नर्सनं विचारलं, तुम्ही कोण? "मला मैत्रीण म्हणायचं होतं," नेली म्हणाली, "पण मैत्रिणीला आत सोडत नव्हते. तर मी म्हटलं, मी तिची वहिनी. ती म्हणाली, ते काय असतं? मी म्हटलं, तिच्या देशात याहून जवळचं कोणी नसतं."

अंजू, नणंद-भावजयीच्या नात्याची एवढी खोटी जाहिरात आजवर कोणी केली नसेल. मी हसले. हसता हसता मला खाली बसावं लागलं.

"ती सारखं सांगायची ना," नेली म्हणाली, "वहिनी असं म्हणते, वहिनी तसं म्हणते, वहिनी म्हणते मी एकटी आहे. मला वाटलं, असं भांडणारं माणूस म्हणजे सगळ्यात जवळचंच असणार."

ती तुझ्याजवळ होती. शेवटपर्यंत. तुझे पाय गार पडत होते, म्हणून तिनं स्वतःच्या पायातले मोजे काढून तुला घातले. एक लांब, एक आखूड. ते तूच तिला दिले होतेस, आणि ती म्हणाली की ते फार उबदार आहेत, एका पायाला जास्त. ती तुझे तळवे चोळत बसली होती. मार्ज बाहेरच्या बाकावर होती आणि दर थोड्या वेळानं दाराच्या काचेतून हात हलवायची. तू गेलीस तेव्हा नेली तुला तुझ्याच सरांची नक्कल करून दाखवत होती, कारण तिला वाटलं, ऐकू येत असेल तर तू हसशील.

"मग तू थांबली का नाहीस?" मी विचारलं. "आम्ही आलो तेव्हा?"

"मी पार्किंगमध्ये होते. मार्जच्या ट्रकमध्ये. तुम्हाला आत जाताना पाहिलं. पण खरी वहिनी आली होती. मी कोणत्या तोंडानं यायचं?"

अगं वेडे. खरी वहिनी आत जाऊन धुतलेल्या फरशीकडे बघत उभी होती. खरी वहिनी बाहेर बसलेल्या त्या पोरीसाठी काय वाटेल ते द्यायला तयार झाली असती.

नंतर तिनंच सांगितलं, की दिवाळीला तू त्या सगळ्यांना घेऊन सनीव्हेलला येणार होतीस. मार्ज, पोस्टवाला, बर्फगाडीचं जोडपं, सगळे. बर्फगाडीवाल्याच्या व्हॅनमधून. मला आधी सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण मी आठ दिवस चकल्या करत बसले असते. तो तुझा पुरावा होता. भांडण तू जिंकलीस, वन्सं. समोरासमोर हरवायला मात्र हवी होतीस. माझा चेहरा बघायला तरी. हे मी तुला कधीच माफ करणार नाही, आणि कोणावर रागवू तेही कळत नाही.

रविवारी सकाळी मी स्वतः आईंना फोन लावला. त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. "आई, अंजूजवळ नेली होती. शेवटपर्यंत तिचे पाय चोळत होती."

बराच वेळ नुसता समुद्रासारखा आवाज. या वेळी लाइन खरंच खराब होती की आई रडत होत्या, कोण जाणे.

मग त्या म्हणाल्या, "नेली कोण?"

मी सगळं सांगितलं. तिनं नर्सला काय सांगितलं तेही. "म्हणजे हिशोबानं ती माझी जाऊ झाली, आई," मी म्हटलं. मला वाटलं, ओरडतील. आईंना परक्या माणसानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं राहिलेलंसुद्धा खपत नाही, तुला माहीतच आहे.

आणि मग एकदम त्यांचा नेहमीचा, खणखणीत, हुकूम सोडणारा आवाज आला.

"मग यंदा तिलाही सण नाही. गोडाधोडाचं करू नकोस म्हणावं तिला. आणि एकटी राहू देऊ नकोस. घरी आण."

नेली आता मुक्ताच्या खोलीत झोपते, तुझ्या कॉटवर. वरची कुरणं बर्फाखाली गेलीत, वसंतापर्यंत तिकडे काम नाही. रोज सकाळी ती तुझ्या बरण्या खिडकीत ठेवते, संध्याकाळी मी आत ठेवते. काल तिनं डब्यातून मूठभर काढून आमटीत टाकले, या वेळी सगळ्यांना सांगून. फुगले. तुझ्या दादानं दोनदा मागून घेतलं आणि म्हणाला, छान आहे, पण आंबट नाही. मुक्तानं दह्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

ही गोष्ट मी जशी घडली तशीच सांगितली आहे, अंजू. एकही पाहुणा वाढवलेला नाही. एक शब्द पदरचा नाही. कुठे चुकलं असेल तर ये आणि मला अडव.

तुझी,
वहिनी (दोघींतली थोरली)